सुट्टीची साखळी

"कोणी मोजलंय?"

त्यांच्याशी बोलायला गेलं की पहिल्यांदा हे ऐकावं लागायचं. महाडहून दासगाव अर्ध्या तासावर आहे म्हणा, अमक्याच्या विहिरीला तळच नाही म्हणा, तमक्याची बायको फार बोलते म्हणा, ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, "कोणी मोजलंय?" समोरचा गप्प झाला की ते पुन्हा नकाशात डोकं घालायचे. निम्म्या गावानं त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारणं सोडून दिलं होतं आणि त्यांना त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं.

आमच्या मोजणीच्या कचेरीत ते सगळ्यांत जुने मोजणीदार होते आणि मी सगळ्यांत नवी, नकाशांच्या नकला काढणारी. ऐंशी साल उजाडायला अजून एक-दोन दिवाळ्या होत्या. अंगावर कायम खाकी पँट, पांढरा हाफ शर्ट, आणि हातात छत्री. त्या छत्रीच्या दांड्यावर त्यांनी चाकूनं फुटांच्या आणि इंचांच्या खुणा केलेल्या होत्या. पावसाळ्यात ती डोक्यावर असायची, उरलेले आठ महिने ती लोकांच्या चौकटी, पडवीचे खांब आणि एकदोनदा म्हशीसुद्धा मोजत फिरायची. चालताना त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं पडायचं. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर आमची एसटी सुटायला आली, मी धावत जाऊन दारात लटकले आणि हे मागून आपल्या त्याच चालीनं येताहेत. कंडक्टर वैतागून म्हणाला, "अवो, पाय उचला की जरा." हे शांतपणे म्हणाले, "पाऊल बदललं की मोजणी गेली. एकशे बारा झालीत." गाडी थांबली. आत बसल्यावर त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की नाक्यापासून गाडीपर्यंत एकशे एकोणीस पावलं भरतात. ही माहिती माझ्याजवळ अजून आहे आणि तिचा मला आजवर काही उपयोग झालेला नाही.

त्यांना काय म्हणायचं याचेही नियम होते. दहा ते पाच "साहेब". कचेरीच्या वेळेत "काका" म्हटलेलं त्यांना खपत नसे, कारण त्यांच्या मते नात्यातल्या माणसाची मोजणी सरळ येत नाही. पाच वाजले, किंवा सुट्टी असली, की "काका" चालायचं. ते मात्र मला घड्याळ न बघता कायम "बाई" आणि "तुम्ही" म्हणायचे. मी बावीस वर्षांची होते. मला अहो-जाहो करणारा त्या वेळी जगात तो एकच माणूस होता.

काका म्हणायचा हक्क मला वडिलांकडून मिळालेला. माझे वडील त्यांचे साखळीवाले. वीस वर्षं दोघांनी मिळून महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले बांध पायाखाली घातले. आता साखळी कुणी बघितलेली नसते, म्हणून सांगते. जमीन मोजायची जुनी साखळी लोखंडी कड्यांची, तेहतीस फूट लांब. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. पैशांशी त्यांचा काही संबंध नाही. दर चार आण्यांवर एक पितळी पट्टी लोंबते. पहिल्या पट्टीला एक दात, दुसरीला दोन, तिसरीला तीन, म्हणजे न बघता नुसत्या बोटांनी कळतं की साखळीत आपण कुठे आहोत. पुढचा माणूस साखळी ताणतो आणि ती संपते तिथे जमिनीत एक लोखंडी सुई खोचतो. सुईच्या डोक्याला लाल चिंधी. मग दोघंही पुढे सरकतात आणि मागचा माणूस सुईपाशी आला की ती उपटून घेतो. मागच्याच्या हातात जितक्या सुया, तितक्या साखळ्या जमीन झाली.

मागचा माणूस म्हणजे माझे वडील. रविवारी ते पडवीत बसून साखळीला तेल लावायचे आणि मला डोळे मिटायला सांगून एकेक पट्टी हातात द्यायचे. "सांग गो, किती दात?" मी सांगायचे. मग ठरलेलं वाक्य यायचं. "मागच्यानं एकच ध्यानात ठेवायचं. सुई मागं सोडायची नाय. एक सुई राह्यली की कुनाचं तरी शेत कमी भरतं." इतर मुलींना घरून काय काय शिकवतात. मला हे शिकवलं होतं.

वडील काविळीनं गेले. आमच्या वस्तीत पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या बुद्धवंदनेचा, कार्यक्रम होता, त्याला साहेब आले. सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले, वंदना झाली तेव्हा हात जोडून होते, मग जेवले, भात दोनदा मागून घेतला. निघताना दारात थांबले, छत्री उभी धरून आमची चौकट मोजली आणि आईला म्हणाले, "पाच फूट दोन इंच. त्यांना रोज वाकून यावं लागत असेल." वडील रोज वाकूनच घरात यायचे. आठ दिवस दगडासारखी बसलेली माझी आई तिथे पहिल्यांदा रडली. लोकांना वाटलं, काय विचित्र माणूस आहे, शोकाच्या घरात दारं मोजतो. आईला तसं वाटलं नाही.

माझा नोकरीचा अर्ज घेऊन अलिबागला दोनदा तेच गेले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. सांगितलं त्यांनी नाही, त्यांच्या बायकोनं, काकूंनी.

नकला काढण्याचं काम वाईट नव्हतं. पण दुसऱ्यांनी पायांनी काढलेल्या रेघा आपण टेबलाशी बसून गिरवायच्या, असं आयुष्यभर करायचं या विचारानं माझा जीव घुसमटायचा. मला बांधावर जायचं होतं. त्या वर्षी पुण्याच्या मोजणी प्रशिक्षणासाठी आमच्या कचेरीतून एक नाव जायचं होतं. ज्येष्ठ मोजणीदारानं शेरा द्यायचा, मग नाव पुढे जायचं. मी अर्ज केला. हेडक्लार्क तसे भले गृहस्थ होते, पण त्यांनी अर्ज हातात धरून मान हलवली.

"बाईमाणूस डोंगरात साखळी ओढणार? जमायचं नाही."

कोपऱ्यातून आवाज आला, "कोणी मोजलंय?"

हेडक्लार्कांनी अर्ज त्यांच्या टेबलावर सरकवला. साहेबांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "दिवाळी झाली की लिहितो." दिवाळीच का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्याच संध्याकाळी, पाच वाजून गेल्यावर, ते म्हणाले, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आंबेनळीच्या घाटात जातोय. तुमचे वडील दर वर्षी यायचे. येणार असाल तर जुने कपडे घाला."

आमच्याकडे दिवाळी नसते, त्यामुळे मी मोकळीच होते.

आता त्यांच्या सुट्ट्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात असं एकही गाव नाही जिथे भुयार नाही, आणि असं एकही भुयार नाही जे कुठल्यातरी गडावर निघत नाही. साहेब दर सुट्टीला त्यातलं एक भुयार मोजून यायचे. हौस म्हणून नव्हे, ती त्यांना जबाबदारीच वाटायची. कचेरीत मीटरच्या साखळ्या आल्या आणि तेहतिसाच्या जुन्या भंगारात निघाल्या, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून एक मागून घेतली. तिला ते सुट्टीची साखळी म्हणायचे. एका निळ्या वहीत निकाल असायचे. "सहा साखळ्या, पुढे दगड." "अडीच साखळ्या, पुढे पाणी." "एक साखळी, पुढे साळिंदर. परत." वहीतलं एकही भुयार गडावर पोचलेलं नव्हतं आणि तरी दर सुट्टीला ते नव्या आशेनं निघायचे. सव गावच्या गरम झऱ्यांखालून थेट समुद्रापर्यंत वाट आहे असं कुणीतरी सांगितलं, तर तेवढं मात्र त्यांनी सोडून दिलं. पाण्यात पाय सोडून अर्धा दिवस बसले आणि म्हणाले, "इथे मोजायचं नाही. इथे गुडघे बरे होतात."

काकू दर वेळी बरोबर. त्या आत कधीच गेल्या नाहीत. भुयाराच्या तोंडाशी सावली बघून बसायच्या आणि मोड आलेले कडवे वाल सोलायच्या. हा दोघांमधला करार होता. सगळे वाल सोलून झाले आणि माणसं बाहेर आली नाहीत, तर काकूंनी वाडीत जाऊन हाक द्यायची. "लोकांच्या बायका तीर्थाला जातात," काकू एसटीत मला म्हणाल्या, "मी बिळांच्या तोंडाशी बसून बिरडं सोलते. पंचवीस वर्षं झाली. ह्यांना विचार, कोणी मोजलंय म्हणतील. मी मोजलंय."

आंबेनळीच्या पायथ्याशी उतरून आम्ही रानात शिरलो. पाऊस संपून महिना झाला होता, पण त्या रानाला ते कुणी सांगितलं नव्हतं. कड्यावरून पाणी ठिबकत होतं, अंजनीच्या आणि जांभळाच्या बुंध्यांवर हातभर शेवाळ होतं, आणि भर दुपारीही पायाखालचा पाला ओला. वर कड्याच्या पोटात एक काळं तोंड दिसत होतं. वागळांची घळ. वागळं म्हणजे वटवाघळं. वाडीतला एक म्हातारा वाट दाखवायला आला होता आणि त्याला आमचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं.

"आत गेलेला कोन परत आलेला नाय," तो म्हणाला.

"मग आतलं तुम्हाला कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

म्हातारा चिडला नाही. "माज्या आज्यानं हितून कोंबडा सोडलेला. तो गडावर जाऊन आरवला."

"तोच कोंबडा कशावरून?"

"आपला कोंबडा मानूस वळखत नाय व्हय?"

यावर साहेबांनी पहिल्यांदाच माघार घेतली. काकूंनी फडकं पसरलं, वालांचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "या जाऊन."

तोंड कमरेइतकं. आत गेल्यावर खोलीएवढी जागा, वर हजारो वागळं लटकलेली, आणि खाली त्यांच्या लेंडीचा आणि चिखलाचा मऊ थर, इतका की सुई खोचली तर उभी राहील. त्या खोलीच्या पाठीमागे एक फट होती आणि तिथून खरी घळ सुरू होत होती. साहेब टॉर्च घेऊन पुढे, साखळीचं पुढचं कडं त्यांच्या हातात. मागचं कडं माझ्या. माझ्याजवळ घासलेटची चिमणी होती, ती पहिल्या दहा पावलांत वागळांच्या पंखांनी विझली, आणि काड्यांची पेटी शर्टाच्या खिशात घामानं ओली झालेली. साखळी हातात होती, ती जिथे नेईल तिथे जायचं.

वाट वाकून जाण्याइतकीच. कुठे गुडघ्यांवर. पुढे दूरवर टॉर्चचा पिवळा ठिपका आणि त्यांचा आवाज, "खोचली." मग साखळी सरकायची, मी चाचपडत पुढे जायचे, हाताला सुई लागायची आणि मी ती उपटून घ्यायचे. एक. पुन्हा "खोचली." दोन. मध्ये दोन ठिकाणी वाट फुटत होती, तिथे ते थांबून "डावीकडे", "उजवीकडे" असं सांगायचे. पाचव्या सुईनंतर माझी भीती पार गेली. हातात सुयांचं वजन वाढत होतं आणि माझ्या मनात एकच होतं: वडील असेच मागून यायचे, आणि मी एकही सोडलेली नाही. पुण्याचा शेरा मला तिथेच डोळ्यांपुढे दिसायला लागला होता.

आठव्या सुईनंतर घळ संपली. समोर सरळ काळा दगड. साहेबांनी साखळीवर बोट ठेवलं, दगडावरून हात फिरवला, जणू आजारी नातलगाच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि समाधानानं म्हणाले, "आठ साखळ्या, चार आणे. पुढे दगड." वहीत लिहिलं. मग वळले. टॉर्च आता नारिंगी पडला होता.

"चला बाई. सुया बघत बघत परत."

मी मूठ पुढे केली. आठ सुया, आठ लाल चिंध्या.

त्यांनी टॉर्च सुयांवर धरला. "सगळ्या?"

"हो साहेब," मी म्हणाले. सुट्टी होती, तरी साहेबच आलं तोंडात. "एकही नाही सोडली."

हे वाक्य म्हणता म्हणताच मला कळलं. इथे शेत नव्हतं. सुया परतीच्या वाटेसाठी खोचलेल्या होत्या. मी आमची वाट उपटून मुठीत घेऊन आले होते.

माझ्या मनात काय काय आलं ते क्रमानं सांगता येणार नाही. आई आली, पुणं आलं, हेडक्लार्कांची हलणारी मान आली. म्हाताऱ्याचं ते वाक्यही आलं. मला वाटलं, ते आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते खाली चिखलात बसले. टॉर्च विझवला. "सेल वाचवू," म्हणाले. मग त्या मिट्ट काळोखात त्यांचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच त्यात "बाई" नव्हतं.

"तुझा बाप पहिल्या वर्षी माझ्याबरोबर घळीत आला तेव्हा सुया तशाच ठेवत आला, आणि परतताना काढत गेला. मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं. मग पुढची सगळी वर्षं सांगायची वेळच आली नाही. त्यामुळे तुला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पोरी, ही चूक माझी आहे."

मी रडत होते. ते त्यांना ऐकू येत असणार.

"रडून झालं की एक सांग," ते म्हणाले. "सुई काढली की काय राहतं?"

मी हातातल्या सुयांवरून बोट फिरवलं. मग वडिलांची पडवी आठवली, तिथली मातीची जमीन, आणि मी खेळता खेळता तिच्यात सुया खोचून काढायचे ते.

"भोक," मी म्हणाले.

"मग आता पुढे तू, मी मागे. मी येताना समोर बघत होतो. तुझे हात या जमिनीवर होते, तुला ती जास्त माहीत."

दगडापासून चार आणे मागे यायचं, तिथे आठवं भोक. मी काळोखात साखळी हातातून सरकवत गेले. बोटाला पितळी पट्टी लागली. एक दात. तिथे खाली बसून चिखल चाचपला. तळहातानं काही कळत नव्हतं, मग एकेका बोटानं बघितलं, आणि करंगळी आत गेली. मी सुई त्याच भोकात परत खोचली आणि म्हणाले, "खोचली." मागून साखळीचा आवाज आला, ते सरकत आले, त्यांनी सुई उपटली आणि म्हणाले, "एक."

तेहतीस फूट. पुन्हा चाचपणं, पुन्हा भोक. "खोचली." "दोन." एवढा मोठा मोजणीदार, पण त्या वाटेवर तो माझ्या वडिलांच्या जागेवरून येत होता, वाकून, गुडघ्यांवर, एकेक सुई उचलत. टॉर्च आम्ही फक्त वाट फुटते तिथे लावायचो, दोन श्वास टिकेल इतकाच. पहिल्या फाट्यावर मी बरोबर गेले. दुसऱ्यावर दोन तोंडं शेजारी शेजारी होती आणि दोन्ही सारखीच दिसत होती. मी उजवं धरलं. साखळी संपली तिथे बसले आणि चाचपत राहिले. भोक नाही. हात लांब करून बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. नाही.

"काका, इथे नाही."

"असेल," ते म्हणाले. "नीट बघ."

"नीट बघितलं. इथे नाही. वाट चुकली. मागे फिरायला हवं."

मागून साखळी जराशी ओढली गेली. मला वाटलं, मी फार बोलले. मग ते म्हणाले, "कोणी मोजलंय?"

"मी मोजलंय," मी म्हणाले.

"मग चल मागे."

दुसऱ्या तोंडातून साखळी ताणली. संपली तिथे चिखलात बोट घातलं, आणि ते आत गेलं. त्यानंतर आयुष्यात पुष्कळ काही मिळालं, पण त्या भोकात बोट गेल्यावर झाला तसा आनंद मला क्वचितच झाला असेल. "खोचली," मी मोठ्यानं म्हणाले, आणि ते मागून म्हणाले, "सहा," आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की तेही घाबरलेले होते.

सातव्या सुईला पुढून टणटण आवाज यायला लागला. काकू डब्याच्या झाकणावर दगड आपटत होत्या.

बाहेर आलो तेव्हा उजेड डोळ्यांना सहन होईना. काकू तोंडाशी उभ्या, फडक्यावर सोललेल्या वालांची रास. "वाल कधीच संपले," त्या म्हणाल्या. "हे आजोबा आता वाडीतल्या माणसांना आणायला निघाले होते. इतका वेळ काय करत होता आत?"

मी खाली मान घालून उभी राहिले. अंगभर चिखल, मुठी रिकाम्या. सुया सगळ्या त्यांच्या हातात होत्या.

"दोनदा मोजलं," ते म्हणाले.

काकूंना ते पटलं, कारण हा माणूस काहीही दोनदा मोजू शकतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हातारा पुढे आला. "गडावर जाते ना वाट?"

साहेबांनी त्याच्याकडे, मग घळीकडे बघितलं. "आम्ही गेलो तिथवर जाते. पुढचं तुमच्या कोंबड्याला माहीत."

म्हातारा खूश झाला. आम्ही ओढ्यावर हातपाय धुतले आणि तांदळाच्या भाकऱ्या आणि आईनं दिलेली सुकटाची चटणी खाल्ली. त्या जेवणाची चव मी अजून विसरलेले नाही. घळीत काय झालं ते साहेबांनी काकूंना सांगितलं नाही, कचेरीत सांगितलं नाही, आणि पुढे निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत, किंवा नंतर माझ्या पत्रांच्या उत्तरातही, कधी त्याचा विषय काढला नाही. ते आता नाहीत. म्हणून मी सांगते आहे.

परत आल्यावर आठवडाभर त्यांनी शेरा लिहिला नाही. मी नकला काढत होते आणि माझ्या रेघा वाकड्या जात होत्या. ज्या मुलीनं परतीची वाट उपटून आणली तिला ते बांधावर पाठवतील असं मला वाटतच नव्हतं, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला त्यांचा राग आला नसता. एका दुपारी त्यांनी खिशातून माझा अर्ज काढला, घडी उलगडली, दोन ओळी लिहिल्या आणि जावक करायला हेडक्लार्कांकडे दिला. हेडक्लार्कांनी तो मोठ्यानं वाचला.

"मोजणीच्या कामास योग्य. मागे सुई सोडत नाहीत."

त्यांनी कागद उलटा करून पाठीमागे काही आहे का बघितलं. "एवढंच?"

"एवढंच लागतं," साहेब म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

त्या शेऱ्यावर मी पुण्याला गेले, आणि नंतर एकतीस वर्षं बांधांवर काढली. दर वेळी सुई उपटताना ती ओळ माझ्याबरोबर असायची. माझी सगळ्यांत मोठी चूक त्यांनी घेतली, पुसून स्वच्छ केली आणि माझा गुण म्हणून मला परत दिली. असं माणूस माणसासाठी करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले. "काका," मी म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पाच वाजायला सात मिनिटं आहेत, बाई."

मी तिथेच उभी राहिले. हेडक्लार्क बघत होते, शिपाई बघत होता. सात मिनिटं मी मनात वाक्यं जुळवत होते. पाचाचे टोले पडले. त्यांनी नकाशा गुंडाळला, चष्मा काढून डबीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हं. आता बोल."

जुळवलेलं सगळं कुठे गेलं कळलं नाही. मी नुसते हात जोडले.

"बरं आहे," ते म्हणाले. याहून मोठी शाबासकी त्यांनी कुणालाही दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मग त्यांनी छत्री उचलली आणि आपल्या त्याच चालीनं दाराकडे निघाले. त्यांच्या टेबलापासून दारापर्यंत अकरा पावलं आहेत. मी मोजली.